नटावरचा लाल ठिपका

यंदा फाल्गुनातच टँकर सुरू झाले. चौसाळ्याला माझं जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान हमरस्त्याला अगदी लागून आहे, मागं दुरुस्तीची शेड आहे. सकाळी शटर वर करण्याआधीच टँकर मला ऐकू येतात. भरलेला दमून येतो, रिकामा खडखडत जातो. त्या खडखडाटाच्या आत आणखी एक बारीक आवाज असतो, शेजारच्या घरात शिवणयंत्र चालावं तसा. तो टॅपेटचा. बाकीचे लोक पावसासाठी आभाळाकडे बघतात. मी अंथरुणात पडल्या पडल्या रस्त्याकडे कान देतो आणि ठरवतो, की या टँकरच्या मिस्त्रीनं फट बरोबर ठेवली आहे, की मालकाच्या धाकानं आवळून टाकली आहे.

ही फट समजून घेतली पाहिजे. इंजिनातल्या व्हॉल्व्हला उघडायला लावणारा एक दांडा असतो, तो टॅपेट, आणि त्या दोघांच्या मध्ये, इंजिन थंड असताना, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा मोकळी ठेवावी लागते. पोलादाच्या पातळ पात्यांचा एक जुडगा असतो, त्यातली हवी ती पाती त्या फटीत सरकवून माप घ्यायचं. पाती जरा धरून सरकली पाहिजे, सहज नको आणि अडूनही नको. कारण तापलं की लोखंड वाढतं आणि ठेवलेली जागा भरून काढतं. थंड असतानाच जागा मिटवली तर गाडी मुकाट चालते, मालक खूश होतो. मग रस्त्यात इंजिन तापतं, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळत जाते. आवाज करणारं इंजिन टिकतं, गप्प केलेलं जळतं. हे मी विशीत शिकलो आणि माणसांच्या बाबतीतही तेच धरून चाललो. कुणी मला गप्प बस म्हटलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "तुमचं टॅपेट जन्मापासूनच ढिलं हाय." असेल. पण मी जळलो नाही.

माझ्या विशीतला तो दुष्काळ मला डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त आठवतो. मिलोच्या, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीचा कोंदट वास. तापलेल्या ग्रीसचा वास. आणि नांदूरघाटाकडच्या पडीक रानात खरेदी-विक्री संघानं उघडलेल्या जनावरांच्या छावणीचा वास, शेण, वाळका ऊस आणि तहान यांचा मिळून एक. तहानेला वास असतो. शेकडो जनावरं एका जागी तोंड वर करून उभी राहिली की तो कळतो. खाली काळी जमीन इतकी फाटली होती की भेगेत हात कोपरापर्यंत जायचा. लोक त्या भेगा बघून हळहळायचे. मला मात्र वाटायचं, या जमिनीला तरी आपली जागा मोकळी सोडता येते. पाणी आलं की ती फुगेल, भेगा भरून काढेल. जी जमीन तडकत नाही तिच्यात काही मुरतही नाही.

छावणीत आई शेणाच्या पाट्या वाहायची. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, गावानं मात्र ते अजून मनावर घेतलं नव्हतं. मी बीडला एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकून परत आलो होतो आणि संघाच्या गाड्या माझ्याकडे असायच्या. दोन ट्रक आणि एक मोटार. आईला त्या कामाचा फार अभिमान. पाटी घेऊन जाताना मी एखाद्या बोनेटमध्ये डोकं घालून दिसलो की ती मुद्दाम वाट वाकडी करून जवळून जायची.

मोटार म्हणजे एक चीज होती. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, गोल नाक, दारावर चढायला पायरी. हैदराबादकडच्या कुण्या जहागीरदाराच्या घरातून फिरत फिरत ती संघाकडे आली होती. संघाचा चेअरमन तेव्हा तिशीतला, नवाच निवडून आलेला. मोठ्या वाड्यातला नव्हता, स्वतःच्या जिभेवर वर आलेला माणूस. मला तो आवडायचा, हे आज सांगायला जीभ जड होते. त्याला मोटारीचा नाद होता आणि दोन गोष्टींचा राग होता. इंजिनाची टकटक आणि स्टेअरिंगच्या चाकातला ढिलेपणा.

"सुद्या, चाक बोटभर फिरतंय तरी गाडी वळत न्हाई. लाज वाटती लोकांत."

"साहेब, ते जॉइंटातलं झिजणं हाय. नवे जॉइंट मागवा."

"दुष्काळात मागवू? लोकं जोड्यानं मारतील मला. तू जुनंच आवळ."

जुनं आवळता येत नाही, हीच तर गोष्ट होती. स्टेअरिंगचं चाक फिरतं, ते खाली एका लोखंडी बॉक्समधल्या दात्यांना फिरवतं, बॉक्स एका दांड्याला ढकलतो आणि दांडे एकमेकांना गोळीच्या जॉइंटनं जोडलेले असतात, खांद्याला हात जोडलेला असावा तसे. झीज कुठं आहे ते बघायची आमची एक पद्धत. एकानं वर बसून चाक थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्यानं गाडीखाली पाठीवर पडून एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. डोळे काही सांगत नाहीत. बोटांना कळतं. वर ड्रायव्हर गफूरभाई बसायचा, खाली मी. "हलव," मी म्हणायचो. मग, "बास." या दोनच शब्दांवर आमचं काम चालायचं. त्या मोटारीचे दोन जॉइंट गेलेले होते आणि बॉक्स ठणठणीत होता.

बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की आतले दाते जवळ येतात आणि वरचं चाक घट्ट लागतं. न कळणाऱ्याला वाटतं रोग गेला. झीज जिथं आहे तिथंच राहते आणि जे चांगलं होतं ते मात्र अडकायला लागतं. चाक वळवलं की परत येत नाही, ओढून आणावं लागतं. म्हणून मी बॉक्सला जेवढी मोकळीक पाहिजे तेवढी ठेवली, वरचा नट आवळला आणि त्यावर लाल तेलरंगाचा ठिपका टाकला, अर्धा नटावर, अर्धा बॉक्सवर. माझ्या उस्तादाची ही सवय, मी उचललेली. मागाहून कुणी पाना लावला तर ठिपका फुटतो. इथवर माझं, पुढचं तुझं, एवढंच तो सांगतो.

गफूरभाईला मी बजावलं, जॉइंट येईपर्यंत हळू चालव. त्यानं मान हलवली. पण आठवड्याच्या आतच छावणी बघायला वरचे साहेब आले आणि मोटार गफूरभाईनं चालवली नाही. साहेबाला शेजारी बसवून चेअरमन स्वतः चाकावर बसला.

मी छावणीतच होतो, ट्रकच्या चाकाशी. नुकताच टँकर हौदात रिकामा झाला होता. विटा-सिमेंटचा तो लांब हौद काठोकाठ भरलेला आणि जनावरं दावणीवर हिसके देत होती. मोटार रानातून वेगात आली. झाडाजवळ वळली. आणि वळतच राहिली. चेअरमनच्या दोन्ही कोपरांची ओढाताण मला लांबून दिसली. चाक परत येत नव्हतं. मोटारीचं गोल नाक सरळ हौदाच्या भिंतीत गेलं.

माणसांना खरचटलंही नाही. पण भिंत बसली आणि पाणी निघालं. ते पाणी जाताना आवाज झाला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. बायका घागरी घेऊन धावल्या, कुणी पदर बुडवला, कुणी ओंजळी लावल्या. त्यांच्या हातापायांमधून ते भेगांत शिरलं. जमिनीला वेळच लागला नाही. थोड्या वेळानं तिथं फक्त ओली काळी नक्षी उरली आणि एक म्हैस ती चाटत होती.

चेअरमन उतरला. सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर मला आधी खरी भीती दिसली, मग ती भीती कुठं ठेवायची याचा शोध दिसला, आणि मग त्याची नजर माझ्यावर आली.

"ह्या पोराला म्या सांगितलतं स्टेअरिंग नीट कर म्हणून. हे केलं बघा यानं."

गर्दीतून एक आवाज आला, "गाडी कुनाच्या हातात देता तुमी बी साहेब..." पुढचं त्यानं राखून ठेवलं. ऐकणाऱ्यांनी आपापलं पूर्ण करून घेतलं.

मी धावतच गेलो. "बोनेट उघडा," मी ओरडलो, "माझा ठिपका बघा! फुटला असंल तर कुनीतरी पाना लावला!" एक-दोघं हसले. ठिपका म्हणे. माझ्या हातात ट्रकचा मोठा पाना होता आणि रागात तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही. लोकांनी पाना बघितला, बोलणं ऐकलं नाही. गफूरभाई बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. मोटार ट्रकला बांधून ओढत नेली आणि संघाच्या गोदामात कुलपात ठेवली. गोदामाच्या फाटकाच्या आत मला पुन्हा कुणी घेतलं नाही.

हे सगळं मी पचवलं असतं. धंद्यात आळ येतात. पण गर्दीच्या कडेला आई उभी होती, डोक्यावर पाटी तशीच. आणि संध्याकाळी चुलीपुढं बसून, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "सुदाम, खरं सांग. तुझ्या हातून काई राहिलं का?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि चूल फुंकायला लागली.

एवढंच. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. माझ्याकडे पात्यांचे कितीतरी जुडगे आहेत, केसाएवढी फट मोजून देतो मी. त्या 'बरं'चं माप मला घेता आलेलं नाही. तिनं विश्वास ठेवला होता का? की पोराला आणखी टोचायचं नाही म्हणून सोडून दिलं? चेअरमननं आळ घेतला याचा मला राग आहेच. पण आईला तो प्रश्न विचारावा लागला, ही त्याची खरी करणी. ती गेली तेव्हा मी चौसाळ्यात दुकान बांधलं होतं, जिल्ह्यात कुठल्याही जुन्या गाडीचं सामान माझ्याकडेच मिळतं असं नाव झालं होतं. तिनं सगळं बघितलं. पण तो एक प्रश्न उत्तराशिवाय घेऊन गेली, की उत्तरासकट, कोण सांगणार?

मी विसरत नाही. विसरणाऱ्यांचे धंदे बसतात. संघ बुडाला, गोदामावर वड उगवला, चेअरमन म्हातारा झाला, मी विसरलो नाही. गफूरभाई उतारवयात माझ्या दुकानावर चहाला यायचा. एकदा कपात बघत म्हणाला, "सुदामभाई, उस दिन..." आणि थांबला. मी वाट बघितली. "चाय में शक्कर बहोत डालते तुम," तो म्हणाला. तो गेला तेव्हा मातीला गेलो, मूठमूठ माती टाकली, आणि खोटं कशाला सांगू, ती टाकतानाही मनात आलं, साक्षीदार गेला.

तर यंदा टँकर सुरू झाले आणि पाठोपाठ एका टेम्पोवर दोरांनी बांधलेली, कडब्याच्या भुशानं माखलेली ती हिरवी मोटार माझ्या दारात आली. बरोबर एक तरुण, पायात पांढरे बूट. चेअरमनचा नातू. पुण्याला जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, तिथं न्यायची म्हणाला. संघाच्या लिलावात आजोबांनी घेतली होती, तेव्हापासून गोठ्यातच उभी. मागच्या सीटवर कोंबडीनं घर केलेलं. "काका, फक्त स्टेअरिंग मोकळं करा, लई जाम आहे. आणि इंजिनाचा आवाज अजिबात नको."

मी हसलो. रक्त ते रक्तच.

बोनेट उघडलं. नाकाचा पत्रा अजून आत दबलेला. कडब्याची धूळ कापडानं पुसत पुसत मी बॉक्सपर्यंत गेलो आणि हात थांबला. लाल ठिपका तिथंच होता. काळपट पडलेला, फुटलेला. अर्धा बॉक्सवर, अर्धा नटाबरोबर फिरून बाजूला गेलेला. नटाच्या कडांवर पाना घसरल्याचे ओरखडे. माझा पाना कधी घसरत नाही.

"किती घ्याल काका?" पोरानं विचारलं.

"तुझ्या आजोबाला आण. त्यांच्याशी ठरवीन."

"आजोबा कुठंच जात नाहीत आता."

"मग गाडी बी कुठं जानार न्हाई."

त्यानं भाव वाढवून बघितला, चिडून बघितलं, गाडी परत नेतो म्हणाला. मी दोर पुढं केला, ने म्हटलं. सौदा कुठं तुटतो आणि कुठं वाकतो, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. शिवाय या मोटारीचे जॉइंट सबंध मराठवाड्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हते. माझ्याकडे होते. वर्षानुवर्षं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले. गिऱ्हाईक नसताना का ठेवले होते, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नवे जॉइंट बसवून, पुढची चाकं जॅकवर उचलून मी गाडी तयार ठेवली. बॉक्सच्या नटाला हात लावला नाही. आणि एका सकाळी चेअरमन आला. नातवाचा खांदा, हातात काठी, धोतर तेच पांढरं. शेजारच्या हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली.

"राम राम, सुदामराव."

राव! मी आमच्या पद्धतीनं उत्तर दिलं.

नातवानं मोबाइलवर नटाचा फोटो मोठा करून समोर धरला. म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "हे काय, कुंकू हाय का?"

"ठिपका माझा हाय. पाना तुमचा हाय."

त्यानं मोबाइल हातानं बाजूला सारला. मग म्हणाला, "फोटो कशाला. दुसऱ्याच दिवशी गोदामात जाऊन बघितलता म्या. बोंबलत हुतास न्हवं तू, ठिपका ठिपका."

म्हणजे याला पहिल्यापासून माहीत होतं. "बसा चाकावर," मी म्हणालो. "बॉक्स सोडवायचाय. वर मानूस लागतंय."

नातू पुढं झाला. "मी बसतो की."

"तू बाजूला हो. ह्यांनीच बसायचं."

म्हातारा बसला. कसाबसा, पाय आत ओढून घेत. बोनेट उभं होतं, त्यामुळं मला तो दिसत नव्हता आणि त्याला मी. मी डावा हात बॉक्सवर ठेवला, उजव्या हातानं नट सैल केला आणि स्क्रूला पेचकस लावला. "हलवा."

चाक हललं. जड, दात खात.

"पुसून टाकायचा की मग," मी बोनेटआडून म्हणालो. "फडकं मारलं असतं तर गेला असता."

"गेला असता."

"मग?"

"हात गेला न्हाई." चाक हलत राहिलं. "लिलावात घेतली ती बी त्याच्यासाठीच. दुसऱ्या कुनी उघडायला नको."

मी स्क्रू जरा मागं घेतला. आतली पकड सुटायला लागली. आणि माझ्या डाव्या तळव्याला काहीतरी लागलं. बारीक, सतत. आधी वाटलं दात्यांची घासण आहे. पण दाते थांबल्यावरही ते येत होतं. ते त्याच्या हातांचं कापणं होतं. चाकातून दांड्यात, दांड्यातून बॉक्समध्ये, थेट माझ्या तळव्यात. चाकापासून बॉक्सपर्यंत एकच दांडा, मध्ये कुठं मोकळीकच नव्हती. वरचं सगळं खाली येत होतं.

"निवडून येऊन वरीस झालं न्हवतं, सुदाम," तो बोनेटपलीकडून म्हणाला. "साहेब शेजारी बसलेला. सगळे मागं टपलेले." मग हळू, अगदी हळू, "म्याच आवळायला लावलतं गफूरला. तुझं काम नीट हुतं."

"ऐकू आलं न्हाई."

मग मोठ्यानं म्हणाला. हॉटेलातल्या बशा थांबल्या.

"अजून मोठ्यानं."

"काका," नातू म्हणाला, "अख्ख्या चौसाळ्याला ऐकू गेलं."

"तू गप बे!"

मी स्क्रू आणखी मागं घेत होतो. नट त्याच्याबरोबर फिरत होता आणि त्याच्यावरचं लाल अर्धुक बॉक्सवरच्या अर्धुकाकडे सरकत होतं. चेअरमननं वाद घातला नाही. त्यानं श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा बोलला, छावणीत भाषण करायचा त्या आवाजात, फुटक्या, वर चढलेल्या. "म्याच लावलतं! ह्याच्या हातून काई राहिलं न्हवतं!"

दोन्ही अर्धी समोरासमोर आली. मधली चीर तेवढी राहिली.

"बास," मी म्हणालो. "चाक सोडा."

तळव्याखालचं कापणं थांबलं. नवा ठिपका टाकायला रंगाचा डबा मी सकाळीच उघडून ठेवला होता. त्याचं झाकण परत लावलं. रस्त्यावरून एक भरलेला टँकर दमत गेला. टकटक बरोबर होती त्याची. बोनेट मी लगेच खाली घेतलं नाही. मागून कुणीतरी 'बरं' म्हणेल म्हणून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.